मुक्या बुवाचे आख्यान

ज्यांना हा रोग लागला आहे आणि जे आत्ता एखाद्या ओसरीत पाठीवर निजून छताची कौले मोजत आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितो. औषधाचे मला काही कळत नाही. आमच्या वेळी औषध म्हणजे हवा, दूध, अंडी आणि न हलता पडून राहणे, आणि यांपैकी शेवटचे सर्वांत कडू. मी बरा झालो, पण माझा आवाज पूर्वीचा राहिला नाही. आता तो पहिल्या दोन रांगांपर्यंत पोचतो आणि तिथेच बसकण मारतो. पूर्वी तो कामशेतच्या बाजारात मिरचीवाल्यांपासून बैलबाजारापर्यंत जायचा. बैल मान वर करून बघायचे. श्रोत्यांमध्ये मी त्यांनाही धरत असे.

मी ख्रिस्ती कीर्तनकार. पायात चाळ, गळ्यात उपरणे, हातात झांज, शेजारी पेटीवाला. पूर्वरंगात प्रभूचे नाव, उत्तररंगात आख्यान. लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत ज्या गावात बाजार भरतो, त्या गावात माझे कीर्तन. लोक मला ‘येसूचे बुवा’ म्हणत. काही जण चेष्टेने म्हणत, काही जण प्रेमाने. मला दोन्ही सारखेच गोड लागे, कारण दोघेही ऐकायला थांबत.

शेवटचा शब्द

त्या वर्षी पाऊस संपता संपता माझा आवाज बसला. खडीसाखर झाली, ज्येष्ठमध झाले, हळद झाली. तीन महिने मी घोगऱ्या आवाजात ओढून कीर्तने केली आणि त्या घोगरेपणाचाही उपयोग केला. राक्षस, सावकार आणि सैतान यांची सोंगे मला कधी इतकी साधली नव्हती. मग तापही येऊ लागला, आणि एका सकाळी उपरण्यावर रक्ताचा ठिपका दिसला. माझी पत्नी तारा मला पुण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधला, दुसरा लहान आरसा माझ्या घशात घातला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. माझ्या घशाकडे इतक्या एकाग्रतेने कोणी कधी पाहिले नव्हते. मला बरेही वाटले. मग त्यांनी हात धुतले आणि सांगितले की, छातीतला क्षय घशात उतरला आहे. लोणावळ्याच्या टेकडीवर आरोग्यधाम आहे, तिथे जायचे. आणि सहा महिने, कदाचित जास्त, एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचेही नाही, कुजबुज तर अधिक वाईट. नियम मोडला तर आवाज कायमचा जाईल, आणि कदाचित आवाजाबरोबर आवाजाचा धनीही.

मी म्हणालो, “बरं.”

“हाच शेवटचा,” डॉक्टर म्हणाले.

वीस वर्षे मी हजारो शब्द उधळले. शेवटचा कोणता असावा याची मला निवड दिली असती, तर मी काहीतरी सभा जिंकणारे काढले असते. पण मिळाले ते ‘बरं’. दवाखान्याबाहेर टांग्यात बसल्यावर ताराने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडले आणि मिटले. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. ती वाटेत उतरली आणि एका दुकानातून दगडी पाटी व पेन्सिल घेऊन आली. ती मिशनच्या शाळेत शिकवते. तिला उपाय सुचतो तो शाळेतलाच.

ओसरी

आरोग्यधामात प्रत्येक झोपडीला उघडी ओसरी होती आणि ओसरीत दोन खाटा. समोर उतार, उताराखाली गाव, आणि पलीकडे घाट चढून येणाऱ्या आगगाड्यांचा धूर. सकाळी दूध, मग ताप पाहणे, मग पडणे, जेवण, पडणे, दूध, ताप, पडणे. प्रत्येकाचा पेला वेगळा, ताट वेगळे आणि त्यांवर नंबर. माझा नंबर नऊ. मोठ्या सिस्टरबाई दुसऱ्या मुलखातल्या होत्या. त्यांना मराठी मोडकेतोडके बोलता येई, वाचता येत नसे. दूध आणणारा महबूबचाचा मावळातलाच, पण अक्षरशत्रू. म्हणजे पाटी वाचणारे माणूस आठवड्यातून दोनदा भेटे: एकदा पुण्याहून येणारे तेच डॉक्टर, आणि शनिवारी दुपारी तारा.

पहिले दोन महिने माझ्या शेजारची खाट रिकामी होती.

बोलणारा माणूस मुका झाला की त्याला लोकांची आठवण येईल, असे मला वाटले होते. मला आठवण आली ती श्रोत्यांची. हा फरक कळायला बरेच दिवस लागले, आणि कळला तेव्हा लाज वाटली. चर्चच्या मंडळीतल्या लोकांची पत्रे आधी खूप आली, मग थोडी, मग ईस्टरचे एक. त्यांना दोष देत नाही. माझ्याशी ओळख म्हणजे माझे ऐकणे, आणि ऐकायला आता काही उरले नव्हते.

प्रार्थना करायला गेलो तर त्याहून वाईट. शब्द मनात म्हणू लागलो की मनातही तो कीर्तनाचाच सूर, तेच हेलकावे, तोच विराम, जिथे लोक ‘वाहवा’ म्हणतात. वीस वर्षे देवालाही मी पहिल्या रांगेत बसवले होते. आता तिथे खरेच कोणी बसले आहे का, या विचाराने मला पहिल्यांदा भीती वाटली. धुके ओसरीत शिरायचे, उशी ओली करायचे, समोरचा उतार पुसून टाकायचे. मी नऊ नंबरच्या पेल्याकडे पाहत पडून राहायचो.

तारा शनिवारी सकाळची शाळा आटोपून तळेगावहून गाडीने यायची. मी आठवडाभर तिची वाट पाहायचो, आणि ती आली की पाटी घ्यायचो. लिहायचो, पुसायचो, लिहायचो. सिस्टरबाईंच्या नकला, महबूबचाच्याचे किस्से, देवावर भरवसा ठेव वगैरे उपदेश. ती वाचायची, हसायची, मान हलवायची. चारच्या सुमारास तिची गाडी असे. ती गेल्यावर माझ्या लक्षात यायचे की ती काही सांगायला आली असावी. आवाज गेला, तरी मी तिला बोलू दिले नव्हते.

शेजारी

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या खाटेवर जवळच्याच औंढे गावचे धोंडीबा आले. साठीच्या आसपासचे, हाडे रुंद आणि मांस नाही. घरून तांब्या आणलेला, त्याला आणखी कोणी हात लावायचा नाही. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी मी महबूबचाच्याला हाताने खुणावून सिस्टरबाईंच्या चालण्याची नक्कल दाखवत होतो, तेव्हा ते कोपरावर उठले.

“तुमी कामशेतच्या बाजारातले येसूचे बुवा न्हवं? ह्यो हात म्या वळखला.”

मी मान हलवली. गळ्याकडे बोट दाखवले, ओठांवर बोट ठेवले. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली, पुन्हा आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, “लय बरं झालं भेटलात. धाकट्यानं दोर टाकला का न्हाई, तेवडं सांगा.”

आता मला माझी एक लबाडी सांगितली पाहिजे. बाजारातले कीर्तन देवळातल्यासारखे नसते. लोकांना सूर्य कलण्याआधी घरी जायचे असते. त्यांनी पुढच्या बाजारी पुन्हा यावे म्हणून मी आख्यान मध्येच तोडायचो, अगदी जीव टांगणीला लागेल अशा जागी. झांज वाजवायची, “बाकीचे पुढच्या आठवड्याला” म्हणायचे आणि चाळ सोडायला बसायचे. लोक शिव्या देत आणि येत. त्यातली काही आख्याने तर मी अर्धीच रचलेली असत. शेवट पुढच्या आठवड्यापर्यंत सुचतोच, असा माझा अनुभव होता.

तसलेच हे दोन भावांचे. थोरल्याने भातखाचराचा बांध हातभर सारून धाकट्याची जमीन खाल्ली. भांडण झाले, बोलणे तुटले. मग एका दुपारी थोरला विहिरीत पडला. धाकट्याने हाक ऐकली, मोटेचा नाडा घेऊन तो काठावर येऊन उभा राहिला आणि खाली पाहू लागला. तिथे मी झांज वाजवली होती. पुढच्या बाजारी मला ताप होता, आणि त्यानंतर कामशेतला मी गेलोच नाही. तीन-चार महिने हा माणूस विहिरीच्या काठावर उभा होता.

पाटी उपयोगाची नव्हती. पण हे उत्तर मला मुक्यानेही देता येण्यासारखे होते. मी खाटेवर उठून बसलो, पलंगपोसाला पीळ दिला, धाकट्यासारखा दात-ओठ खाल्ले, आकाशाकडे पाहिले, मन बदलले, आणि पलंगपोसाचे टोक धोंडीबांच्या खाटेवर भिरकावले. कित्येक महिन्यांत इतका आनंद मला झाला नव्हता. महबूबचाच्याने दुधाचे भांडे खाली ठेवून पाहिले.

धोंडीबांनी त्या टोकाकडे पाहिले. हात लावला नाही.

“त्यो टाकनारच,” ते म्हणाले. “त्यो तसा न्हाई. पन हिरीतल्यानं धरला का?”

पलंगपोसाचे दुसरे टोक माझ्या हातातच राहिले.

“धरायचा म्हंजे वर जाया लागतं. वर गेल्यावर त्येचं त्वांड बगाया लागतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमास्नी कुनी सांगितलतं आमच्या बांधाचं?”

मी जोरजोराने मान हलवून नाही म्हटले. त्यांचा विश्वास बसला की नाही कळले नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

फाटकाजवळचा माणूस

मग मला महबूबचाच्याकडून कळले की शनिवारी दुपारी फाटकाजवळच्या जांभळीखाली बसणारा, पागोट्याचा, सडपातळ माणूस कोण. तो धोंडीबांचा धाकटा भाऊ रामजी. औंढ्याहून चालत यायचा, महबूबचाच्याच्या हाती फडक्यात बांधलेले गाडगे आत द्यायचा. आंबेमोहराचा भात असायचा, कधी वर सायीचे दूध. धोंडीबा ते परत पाठवायचे. रामजी ते घेऊन भेटीची वेळ संपेपर्यंत बसायचा आणि चालत परत जायचा. फाटकापाशी बसल्यावर आमची ओसरी दिसते. ओसरीतून फाटक दिसते. दोघे भाऊ एकमेकांकडे पाहायचे नाहीत.

डॉक्टर एकदा माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले की, तुमचा शेजारी खात नाही. असेच चालले तर पावसाळा काढणार नाही.

ती जबाबदारी माझ्यावर आहे असे मला वाटू लागले, आणि गंमत अशी की मला शेवट ठाऊक नव्हता. वीस वर्षे मी दोर टाकणाऱ्यांची आख्याने सांगितली. देव दोर टाकतो, तुम्ही धरा. किती सोपे. विहिरीतल्याने का धरू नये, हे मी कधी विचारले नव्हते, कारण मी कायम काठावर उभा होतो, पायात चाळ बांधून. आता खाली होतो. इथून पाहिले तर वरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसता उजेड दिसतो आणि त्यात एक काळी आकृती. लाज वाटते. वाटते, हा मला या अवस्थेत बघतो आहे. ताराला मी पाटीभर विनोद का लिहीत होतो, हे मला तिथे समजले. ‘मला मरणाची भीती वाटते’ हे पाच शब्दही न लागणारे वाक्य मी एकदाही लिहिले नव्हते.

पुष्कळ दिवस मी पडून राहिलो. सूर नसलेली प्रार्थना मला पहिल्यांदा त्या दिवसांत करता आली. तिच्यात शब्द फारसे नव्हते. मी एवढेच म्हणत होतो की, मला वर येता येत नाही. आणि मग एका सकाळी दूध पिता पिता शेवट सापडला. सापडला म्हणजे काय, तो माझ्या धर्माच्या पहिल्याच पानावर होता. मी दर नाताळाला तो ओरडून सांगत आलो होतो.

पेला ठेवला. पलंगपोसाला पीळ दिला. एक टोक खाटेच्या लोखंडी पायाला बांधले, दुसरे कमरेला. धोंडीबा बघत होते. मी काठावर उभा असल्याचा, खाली पाहण्याचा, हाक मारण्याचा अभिनय केला. दोर टाकला. कोणी धरत नाही. पुन्हा टाकला. मग मी खाटेवरून खाली पाय सोडले, भिंत चाचपत, घसरत, खोल उतरल्यासारखा जमिनीवर आलो आणि त्यांच्या खाटेला पाठ लावून थंड फरशीवर बसलो. वर पाहिले नाही. त्यांच्याकडेही पाहिले नाही. नुसता बसलो, चिखलात बसावे तसा.

तेवढ्यात सिस्टरबाई आल्या. मला खाटेवरून उतरायला पूर्ण बंदी होती, आणि कमरेला पलंगपोस बांधून फरशीवर बसण्याविषयी तर त्यांच्या भाषेत शब्दही नसावा. मला उचलून निजवले गेले. ताप वाढला. दोन दिवस पाटीसुद्धा काढून घेतली.

धोंडीबांनी त्या दोन दिवसांत एकच प्रश्न विचारला. “खाली उतरल्यावर, बुवा, त्यो काय बोलला का?”

मी मान हलवली. नाही.

“हां,” ते म्हणाले.

शनिवार

शनिवारी तारा आली. मी पाटी घेतली नाही. अजून परत मिळाली नव्हती. ती स्टुलावर बसली होती आणि काय करावे हे दोघांनाही कळत नव्हते, तेव्हा महबूबचाचा गाडगे घेऊन आला. धोंडीबांनी नेहमीसारखे हाताने परत सारले. मग म्हणाले, “त्येला म्हनावं, हितं ये. मला चालवत न्हाई.”

रामजी ओसरीच्या पायरीशी येऊन थांबला. आत यावे की नाही, पायताण कुठे काढावे, पागोटे काढावे का. शेवटी तो आला आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून फरशीवरच बसला, धोंडीबांच्या खाटेला पाठ लावून. मी त्याला काही दाखवले नव्हते. ताराने माझ्याकडे पाहिले; माझे डोळे का भरले, हे तिला ठाऊक नव्हते.

खालून गाडी गेली.

“बांध म्या सारलता,” धोंडीबा त्याच्या पागोट्याला उद्देशून म्हणाले.

“ठावं हाय.”

“कवापासनं?”

“तवापासनं,” रामजी म्हणाला, आणि गाडग्यावरचे फडके सोडू लागला. “भात निवतूय.”

धोंडीबांनी चार घास खाल्ले. पाचव्याला थकले.

ते आणखी तीन महिने तिथे होते. बरे झाले नाहीत, पण माणसात आले. मग रामजी बैलगाडी घेऊन आला आणि त्यांना औंढ्याला घेऊन गेला. मरायचे तर घरी, असे त्यांनी ठरवले होते. सभांमध्ये मला विचारतात की, त्यांनी प्रभूचा स्वीकार केला का. मला जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो. निघताना त्यांनी आपला तांब्या माझ्यापुढे धरला. मी पाणी प्यालो. त्यांनी तोच तांब्या पुन्हा हातात घेतला.

“त्यो खाली उतरनारा,” ते म्हणाले, “त्येचं नाव येसू न्हवं?”

मी होकाराची मान हलवली.

“लय काळजाचं काम,” ते म्हणाले, आणि रामजीच्या खांद्यावर हात टाकून निघाले. मी केलेले सर्वांत लांब कीर्तन ते, आणि त्यात माझा एकही शब्द नाही. भात पिकायच्या आत ते गेले. रामजीने येऊन सांगितले.

परवानगी

शेजारची खाट रिकामी राहिली. त्यानंतरचे दिवस मला सर्वांत एकाकी गेले. आधीच्या एकटेपणात मी श्रोते शोधत होतो. आता एक माणूस आठवत होता. पण आता शांततेची भीती वाटत नव्हती. तुमच्यापैकी जे तिथे असतील त्यांना मी एवढेच सांगेन: वर यायला जमत नसेल तर वर पाहू नका. शेजारी बघा. फरशीवर.

आठव्या महिन्याच्या शेवटी, एका शनिवारी, डॉक्टरांनी पुन्हा तो आरसा घशात घातला. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले की, जखम भरली आहे. आज एक वाक्य बोलायला हरकत नाही. एकच, आणि हळू.

हे वाक्य मी आठ महिने रचत होतो. त्याचे निदान वीस मसुदे मनात तयार होते. त्यात प्रभूचे नाव होते, उपकारस्तुती होती, एक छानसा विराम होता. सिस्टरबाई दाराशी उभ्या राहिल्या. महबूबचाचा दुधाचे भांडे घेऊन थांबला. डॉक्टरही थांबले. मला असा श्रोतृवर्ग फार दिवसांत मिळाला नव्हता.

तारा स्टुलावर बसली होती. हातात पाटी, कारण ती सवयीने मला द्यायला पुढे केलेली. तिच्या केसांत पांढरे आले होते. कधी आले ते मला ठाऊक नव्हते.

“तू बोल,” मी म्हणालो.

आवाज अनोळखी निघाला, वाळलेल्या पानांसारखा. महबूबचाचा थोडा हिरमुसला असावा. सगळे गेले.

ताराने पाटी खाली ठेवली. बराच वेळ ती पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग तिने सुरुवात केली. अगदी पहिल्या दिवसापासून, टांग्यातून ती उतरली आणि पाटी विकत घेताना दुकानात एकटीच रडली, तिथपासून.

त्या दिवशी तिने चारची गाडी जाऊ दिली.